कोल्हापूरहून दोन दिवसांची मुंबई, गाडी न नेता: आईचे गुडघे, पोराची मेट्रो आणि डोंबिवलीची मामी

रंकाळा_चक्कर
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात शुक्रवारी रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसनं निघून सोमवारी सकाळी परत कोल्हापुरात, असा बेत करतोय. घरची गाडी न्यायची नाही हे पक्कं. मागच्या खेपेला नेली होती, तर निम्मा वेळ पार्किंग शोधण्यात आणि उरलेला त्यावरून भांडण्यात गेला.
माणसं तीन. मी, आई (वय ६८, दोन्ही गुडघे कुरकुरतात, पण ते मान्य करत नाही) आणि लेक, वय ९. त्याला मुंबईत दोनच गोष्टी करायच्यात: जमिनीखालची मेट्रो आणि डबलडेकर. आईला लोकलमध्ये बसायचंय. ती शेवटची बसली तेव्हा माझा जन्म व्हायचा होता.
शनिवार: सीएसएमटी, गेटवे, एलिफंटा, म्युझियम, मरीन ड्राइव्ह, रात्री मुक्कामाला डोंबिवली (मामी).
रविवार: राणीची बाग, महालक्ष्मीचं देऊळ, हाजी अली, विज्ञान केंद्र, सिद्धिविनायक, जुहू, दादरला साड्या, आणि रात्रीची गाडी.
काही राहिलंय का? मोनोरेलपण बसवता येईल काय?

आठ_त्रेपन्न
बावीस वर्षं लोकलचा पास काढतोय. तुमचा रविवार वाचून आधी पाणी प्यायलो.
दादा, मुंबईत अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नाही, जिन्यांमध्ये मोजायचं. गाडी तुम्हाला कितीही लांब नेते, तक्रार करत नाही. दमवतात ते पूल. डोंबिवलीहून जुहूला जायचं म्हणजे डोंबिवलीला एक पूल, दादरला मध्य रेल्वेवरून पश्चिम रेल्वेवर जायला मोठा पूल, पार्ल्याला उतरून बाहेर पडायला आणखी एक. तीन वेळा चढ आणि तीन वेळा उतार, तेही गर्दीच्या वेगानं. मागून लोंढा येत असतो, मधल्या पायरीवर गुडघा धरून थांबता येत नाही. सरकते जिने आणि लिफ्ट बऱ्याच ठिकाणी आहेत, पण त्या फलाटाच्या ज्या टोकाला असतात तिथपर्यंत पोचणं हाही एक प्रवासच.
आईंना विचारा, दिवसाला किती जिने जमतील. त्या 'कितीही' म्हणतील. त्याचं तुम्ही दोन समजा आणि दोन जिन्यांचा दिवस आखा.
मोनोरेल विसरा. २० सप्टेंबर २०२५ पासून ती डागडुजीसाठी बंद केली आहे. सुरू झाल्याची बातमी स्वतः वाचल्याशिवाय बेतात धरू नका.

रंकाळा_चक्कर
दादा नाही हो, ताई आहे! आमच्याकडं बायकाही 'जातो, येतो'च म्हणतात.
जिन्यांचं डोक्यातच आलं नव्हतं. आईला विचारलं. म्हणाली, "कितीही."

जुना_पासधारक
ताई, माफी असावी. (वरच्यांच्या वतीनं.)
मुख्य मुद्दा कुणी काढलाच नाही. रविवार म्हणजे मेगाब्लॉक. रुळांची, ओव्हरहेड वायरची कामं करायला आठवड्यात दुसरा दिवस मिळत नाही, म्हणून मध्य रेल्वे मुख्य मार्गावर आणि हार्बरवर साधारण सकाळी ११ ते दुपारी ४ या वेळात ब्लॉक घेते. मुख्य मार्गावर गाड्या बंद पडत नाहीत, पण फास्ट गाड्या स्लो रुळांवर वळवतात. मग सगळंच रखडतं, काही स्थानकं गाळली जातात, आणि दोन गाड्यांची गर्दी एका गाडीत येते. हार्बरवर तर अख्खा एक टप्पाच बंद ठेवतात. नेमका कुठून कुठे, ते त्या आठवड्याच्या शेवटी जाहीर होतं, शनिवारच्या पेपरात येतं. त्याशिवाय रविवारी एकूणच गाड्या कमी.
डोंबिवलीहून रविवारी सकाळी दहाला निघून राणीची बाग बघू म्हणालात, तर तुम्ही ब्लॉकच्या तोंडात सापडता.

न्यूजर्सीतला_दादरकर
वा, काय धागा काढलाय! डबलडेकरचं वाचून डोळे भरून आले. लेकाला सांगा, वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढची सीट धरायची. खिडकीतून वारा असा काही येतो की विचारू नका. आणि दादरला गोंधळ होऊ नये म्हणून सांगतो, मध्य रेल्वेच्या १ नंबरवर उतरलात की...

आठ_त्रेपन्न
दादरकर, थांबा. दादरला आता एकच सलग मोजणी आहे. डिसेंबर २०२३ पासून पश्चिमेचे फलाट १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४. तुमचा १ नंबर आता ८ आहे. हे न सांगता कुणाला 'दादरला १ नंबरवर ये' म्हणालात तर तो पश्चिम रेल्वेवर उभा राहील आणि तुम्ही मध्य रेल्वेवर. आमच्या ऑफिसात असं एक लग्न मोडता मोडता राहिलं.
आणि तुमच्या आठवणीतली डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. आता विजेवरची, एसी डबलडेकर आहे. खिडक्या बंद, वारा नाही. पुढची सीट मात्र अजून तशीच, आणि त्या सीटवरून भांडणंही.

न्यूजर्सीतला_दादरकर
८ नंबर?! मी तिथे पंधरा वर्षं उभा राहिलो हो.

गिरगावकरीण
ताई, तुमच्या आईंसाठी एकच उत्तर: मेट्रो ३. ऑक्टोबर २०२५ पासून ती आरेपासून थेट कफ परेडपर्यंत धावते. साडेतेहेतीस किलोमीटर, २७ स्थानकं, सगळीकडे लिफ्ट. आणि तिला मेगाब्लॉक नाही. तुमच्या यादीतलं निम्मं सामान तिच्या वाटेवरच पडलंय. सीएसएमटीहून दक्षिणेला हुतात्मा चौक, मग चर्चगेट (मरीन ड्राइव्ह). उत्तरेला काळबादेवी, गिरगाव, ग्रँट रोड, जगन्नाथ शंकरशेट म्हणजे मुंबई सेंट्रल, महालक्ष्मी, विज्ञान केंद्र, आचार्य अत्रे चौक, वरळी, सिद्धिविनायक, दादर. भाडं १० ते ७० रुपये.
आमचं गिरगाव आयुष्यभर चर्नी रोड आणि ग्रँट रोडच्या मध्ये लोंबकळत होतं. आता स्वतःचं स्थानक आहे. खणत होते ती सगळी वर्षं धूळ खाल्ली, म्हणून आता आम्ही एका स्टेशनासाठीसुद्धा मेट्रोनंच जातो. वसुली!
फक्त बाहेर पडताना गेटचा नंबर बघून बाहेर पडा. चुकीच्या गेटनं वर आलात तर रस्ता ओलांडायला पुन्हा पायपीट.

खिडकीची_जागा
आधी महालक्ष्मीचं तिकीट तर काढा. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही. शुक्रवारची गाडी झटक्यात भरते.
आणखी एक, कोणी सांगत नाही असं. आईंचं तिकीट वेगळं काढा. ज्येष्ठांच्या कोट्यातला खालचा बर्थ ज्येष्ठ एकटे असतील किंवा दोघं ज्येष्ठ एका तिकिटावर असतील तरच लागतो. तुमच्या तिघांचं एकत्र काढलंत की तो कोटा गेला, आणि आई मधल्या बर्थवर. भाड्यातली सवलत मात्र मार्च २०२० पासून बंद आहे, ती शोधत बसू नका.
सीएसएमटीला फलाट १ ते ७ लोकलचे, ८ पासून पुढे लांबच्या गाड्यांचे. महालक्ष्मीतून उतरून लोकलकडे यायला बरंच चालणं आहे, पण सपाट.

आठ_त्रेपन्न
'सपाट' हा कळीचा शब्द बरोबर पकडलात. सीएसएमटी आणि चर्चगेट ही शेवटची स्थानकं. रूळ तिथे संपतात, त्यामुळे पूल नाही. रस्त्यावरून चालत आत या, सरळ गाडीत बसा. शिवाय गाडी तिथूनच सुटते, म्हणजे बसायला जागा. आईंना लोकल दाखवायचीच आहे ना? शनिवारी दुपारी, गर्दी ओसरल्यावर, सीएसएमटीहून स्लो गाडीत बसवा. मस्जिद, सँडहर्स्ट रोड, भायखळा. तिसरं स्थानक, एकच पूल, पूर्वेला राणीची बाग. (बाग बुधवारी बंद असते, तुम्हाला तो प्रश्न नाही.) भायखळा स्टेशन जरा मान वर करून बघा. जुन्या रूपात परत आणलंय, २०२२ मध्ये युनेस्कोचा वारसा जतनाचा पुरस्कार मिळालाय. रोज तिथून जाणाऱ्या आम्हाला ते पेपरात वाचून कळलं.
लेकाला एक काम द्या. इंडिकेटरवरची अक्षरं. 'के' म्हणजे कल्याण, 'टी' म्हणजे ठाणे, पण कसाऱ्याला 'एन' आणि कर्जतला 'एस'. का ते त्याला शोधू दे.

फणी_आरसा
लेडीज डब्याचं कोणी सांगितलं नाही, कारण बहुतेक पुरुषच बोलतायत. ताई, हिरवे पट्टे असलेला डबा. तुम्ही, आई आणि लेक तिघंही त्यात बसू शकता, बारा वर्षांखालचा मुलगा चालतो. लाल-पिवळे पट्टे म्हणजे फर्स्ट क्लास, साध्या तिकिटावर चढलात तर दंड.
चढलात आणि जागा नसली तर लाजू नका. बसलेल्या बाईला सरळ विचारायचं, "कुठे?" ती म्हणेल "भायखळा" किंवा नुसतंच "ठाणा". भायखळावालीच्या समोर उभं राहायचं. तिनं उठताना तुमच्याकडे बघून मान हलवली की जागा तुमची, मध्ये कोणी घुसायचं नाही. आणि आईंना बघून कुणीतरी आत सरकून चौथी सीट देईलच. तीन जणींच्या बाकावर चौथीनं टेकायचं, एक पाय बाहेर. गुडघेवाल्यांना ती सीट वाईट. त्यांना खिडकीकडे सरकवा आणि चौथी तुम्ही घ्या.
तिकीट स्टेशनात शिरायच्या आधी काढा. गाडीत बसल्यावर मोबाईलवर काढू म्हणालात तर ॲप काढू देत नाही.

पुणेरी_आगाऊ
एक साधा प्रश्न. मुक्काम डोंबिवलीला का?

रंकाळा_चक्कर
कारण मामी. मुंबईत येऊन तिच्याकडं राहिलो नाही तर पुढची पाच वर्षं प्रत्येक लग्नात ऐकावं लागेल. आधीच फोनवर म्हणाली, "तुम्ही काय बाबा, हॉटेलात राहणारी माणसं."

जुना_पासधारक
सीएसएमटी ते डोंबिवली फास्टनं तास-सव्वा तास. शनिवारी रात्री उभ्यानं, रविवारी सकाळी परत. म्हणजे दोन दिवसांतले दोन-अडीच तास मामीसाठी, आणि त्यातलं मामीच्या घरी जागं राहणं किती? जेवलात, झोपलात.

गिरगावकरीण
मामींना दादरला जेवायला बोलवा. तुम्ही मेट्रोनं या, त्या लोकलनं येतील. हॉटेल तुम्ही निवडू नका, त्यांना निवडू द्या. साबुदाणा वडा आणि पियूष समोर आलं की कोण रुसतंय?

पुणेरी_आगाऊ
आणि रविवारी मामी ब्लॉकमध्ये अडकल्या तर?

जुना_पासधारक
डोंबिवलीकरांना ब्लॉक शिकवू नका. त्या नऊलाच निघतील.

खिडकीची_जागा
मुक्कामासाठी सीएसएमटीजवळच बघा. स्टेशनात रिटायरिंग रूम आहेत, पॉड हॉटेलही (एकावर एक झोपायचे कप्पे) आहे, पण ६८ वर्षांच्या आईंना पॉडमध्ये चढवणं म्हणजे पुन्हा जिनाच. सामान क्लोकरूममध्ये ठेवायचं तर बॅगेला कुलूप पाहिजे, नाहीतर घेत नाहीत. कोल्हापूरहूनच कुलूप आणा.

रंकाळा_चक्कर
एलिफंटा ठेवू का काढू?

आठ_त्रेपन्न
काढा. लाँचमध्ये एका बाजूनं तास, मग गुहेपर्यंत १२० पायऱ्या. अख्खा दिवस जातो आणि आईंचा दोन दिवसांचा जिन्यांचा कोटा एका दमात संपतो. जुहू पण काढा. मरीन ड्राइव्ह चर्चगेटजवळ आहे, समुद्र तोच. महालक्ष्मीच्या देवळाला मेट्रोतून उतरून टॅक्सी लागेल, कारण सायन-माहीमच्या अलीकडे, शहराच्या बाजूला, रिक्षा येतच नाहीत. टॅक्सीचं किमान भाडं ३१ रुपये. तिघं असाल तर जवळच्या अंतराला टॅक्सी घेणं उधळपट्टी नाही.

रंकाळा_चक्कर
आई म्हणते, घरी अंबाबाई असताना तिथल्या महालक्ष्मीला कशाला, नावानं काय होतंय. तिला फक्त सिद्धिविनायक पाहिजे. मग ते देऊळही काढलं.
आणि हे सगळं जुलैत ढकललं तर? लेकाला परीक्षा नाही तेव्हा.

जुना_पासधारक
नको. २०१९ च्या जुलैत याच तुमच्या महालक्ष्मीला पाण्यानं वांगणीजवळ घेरलं होतं. मुंबईहून निघालेली गाडी, रात्रभर आत हजाराहून जास्त माणसं, दुसऱ्या दिवशी बोटींनी बाहेर काढली. माझा मेहुणा त्यात होता. अजून कोल्हापूरला जायचं म्हटलं की आधी हवामान बघतो.

*(साडेपाच आठवड्यांनी)*

रंकाळा_चक्कर
आलो परत! सांगितल्याशिवाय राहवत नाही.
आईचा बर्थ खालचा मिळाला. वेगळं तिकीट काढलं म्हणून टीसीनं दोनदा विचारलं, "या एकट्याच का?" आई म्हणाली, "व्हय, मुलगी ओळखीची आहे."
सकाळी सीएसएमटी. लॉज आधी ठरवला होता, फोनवर 'लिफ्ट आहे' म्हणाले होते. लिफ्ट होती. बंद होती. तिसरा मजला. म्हणजे शनिवारचे दोन्ही जिने सकाळी आठलाच संपले. (नाव लिहीत नाही, पण लिफ्ट 'आहे का' विचारू नका, 'आज चालू आहे का' विचारा.) मग मी सगळा दिवस फिरवला. राणीची बाग रद्द. पूल नको म्हणून भायखळाही नको. आईला लोकल पाहिजेच होती, तर आठ_त्रेपन्न यांचं 'सपाट' आठवलं. सीएसएमटीला स्लो गाडीत बसलो, सरळ ठाण्यापर्यंत गेलो, तिथं फलाट न बदलता, पूल न चढता, सीएसएमटीकडं जाणारी गाडी त्याच फलाटाला लागली तीत बसलो आणि परत. तिकीट येण्याजाण्याचं काढलं होतं. कुठं गेलो? कुठंच नाही. आई दोन तास खिडकीत. एक बाई केसांच्या क्लिपा विकायला आली, तिच्याकडून आईनं सहा घेतल्या. घरात क्लिपा लावणारं कोणी नाही. मग मुलुंडला चढलेल्या एका बाईनं विचारलं, "कुठे?" आई म्हणाली, "कोल्हापूर." ती बाई शेवटपर्यंत हसत होती, पण समोरून हलली नाही!
डबलडेकर स्टेशनाबाहेरच मिळाली. पुढची सीट नाही मिळाली. एक आजोबा बसले होते, उठायला तयार नाहीत. लेकानं मागच्या सीटवरून त्यांच्या टकलाकडं बघत म्युझियमपर्यंत प्रवास केला. संध्याकाळी मेट्रोनं चर्चगेट, मग मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर दीड तास. आईला तिथून उठवायला लागलं.
मेट्रोचं म्हणाल तर लेक पहिली तीन स्थानकं खूष, मग म्हणाला, "बाहेर काहीच दिसत नाही की." फलाटाला काचेची दारं, त्यामुळं गाडी येतानापण नीट दिसत नाही म्हणून रुसला. आई मात्र लिफ्टवर इतकी खूष की सिद्धिविनायकाला दर्शनानंतर म्हणाली, आणखी एकदा खाली-वर करूया.
विज्ञान केंद्रात सकाळी गेलो ते एकपर्यंत लेक बाहेर येईना. दादरला मामी आधीच टेबल धरून बसली होती. साडेनऊलाच पोचली म्हणे, ब्लॉकच्या भीतीनं. तीन तास ती एकटी साड्या बघत फिरली, आणि आमच्या वाटच्या दोन घेऊनही ठेवल्या. बिल तिनंच दिलं. 'हॉटेलात राहणारी माणसं' हे एकदा म्हणालीच, पण पियूष पिताना.
लेकानं वहीत अक्षरं लिहून आणलीत. 'एन' आणि 'एस' चं उत्तर त्याला ठाण्याला फलाटावर एका पोर्टरनं सांगितलं: कल्याणच्या पुढं रूळ दोन दिशांना फुटतात, एक ईशान्येला कसाऱ्याकडं, दुसरा आग्नेयेला कर्जतकडं, त्यांची इंग्रजी आद्याक्षरं. खरं आहे ना?

आठ_त्रेपन्न
खरं आहे. आणि ठाण्याला जाऊन त्याच फलाटावरून परत, हे बावीस वर्षांत मला सुचलं नव्हतं. पण ताई, ठाण्याला एकाच फलाटावर दोन्ही दिशांच्या गाड्या मिळायला तुमची गाडी ठाण्यातच संपणारी असली पाहिजे, नाहीतर पूल आलाच.

रंकाळा_चक्कर
तेच केलं. 'टी' बघूनच चढलो. लेकानंच सांगितलं.

न्यूजर्सीतला_दादरकर
दादरला ८ नंबर बघितलात का?

रंकाळा_चक्कर
नाही हो, आम्ही खालून आलो आणि खालूनच गेलो.
आता एक विचारायचं आहे. आईनं काल रात्री स्वतःहून विषय काढला, एलिफंटा राहिलं म्हणून. पायऱ्या सांगितल्या, १२०. म्हणाली, जोतिबाला चढते ती काय? तिथं डोलीवाले असतात काय, आणि त्या धक्क्यापासनं पायऱ्यांपर्यंत छोटी गाडी असते म्हणतात ते खरं का?

गिरगावकरीण
दोन्ही खरं. फक्त सोमवारी जाऊ नका, गुहा बंद असतात. आणि सकाळची लाँच धरा.

पुणेरी_आगाऊ
मुक्काम कुठे?

रंकाळा_चक्कर
डोंबिवली. या वेळी सुटका नाही.